लातूरच्या खटल्याचा निकाल आपल्या मोहल्ल्यात कधी पोहोचणार?

शाळा सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले होते. एक आई मुलीच्या बोनाफाईडसाठी आमच्याकडे आली. फॉर्म भरून झाला तरी ती उठेना. मग पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला आणि हळूच म्हणाली, "आपा, इसमें क्या लिखे सो जरा पढ़ के बताओ ना." ती उर्दू माध्यमातून सातवीपर्यंत शिकलेली. कागद मराठीत होता, वकिलाची नोटीस. ‘आमच्या पक्षकाराने तुम्हाला अमुक तारखेला दोन साक्षीदारांसमक्ष तलाक दिला आहे, मेहर आणि इद्दतचा खर्च मनीऑर्डरने पाठवला आहे, यापुढे तुमचा त्यांच्याशी काही संबंध नाही,’ असा त्याचा मथितार्थ.

त्या तारखेला ती माहेरी होती. साक्षीदार कोण, तिला ठाऊक नाही. मनीऑर्डर आलेली नाही. पण घरातल्या मोठ्यांनी एका वाक्यात निकाल लावून टाकला होता, "कागद आला म्हणजे विषय संपला." तलाकबद्दल तिने काही विचारलेच नाही. तिचा प्रश्न एकच होता, "अब बच्चों की फीस का कैसा करना?"

विषय संपलेला नव्हता. असला कागद म्हणजे तलाक नव्हे, हे सांगणारा निकाल वीस वर्षांहून आधी लागलेला आहे. तोही आपल्याच मराठवाड्यातून गेलेल्या खटल्यात.

रहीमबींचा खटला

२ मे २००२. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाने ‘दगडू छोटू पठाण विरुद्ध रहीमबी’ या लातूरच्या प्रकरणात निकाल दिला. मुद्दा पोटगीचा होता. बायको पोटगी मागते, नवरा कोर्टात म्हणतो की मी तर तिला आधीच तलाक दिलेला आहे, मग पोटगी कसली? त्या काळी जिल्ह्या-जिल्ह्याच्या कोर्टात हेच चालायचे. लेखी म्हणण्यात ‘तलाक दिला’ असे एक वाक्य घातले की पोटगीतून सुटका.

पूर्णपीठाने कुरआनच्या आयतींचा आधार घेऊन सांगितले की नवऱ्याला मन मानेल तेव्हा तलाक देण्याचा बेलगाम अधिकार इस्लामने दिलेलाच नाही. तलाकला सबळ कारण हवे. सूरह निसाच्या ३५ व्या आयतीप्रमाणे नवऱ्याकडचा एक आणि बायकोकडचा एक असे दोन मध्यस्थ नेमून समेटाचा खरा प्रयत्न झालेला हवा. तो फसला, तरच पुढचे पाऊल. आणि हे सगळे घडले याचा पुरावा नवऱ्याने कोर्टात द्यायचा. नुसते ‘मी तलाक दिला होता’ असे लिहून किंवा बोलून तलाक सिद्ध होत नाही.

पाच महिन्यांनी, १ ऑक्टोबर २००२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात हीच दिशा धरली. कोर्टात दिलेल्या जबाबातला तलाकचा उल्लेख म्हणजे तलाक नव्हे, असे स्पष्ट केले. शायरा बानो खटल्यात एका दमातला तिहेरी तलाक रद्द झाला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी. म्हणजे सगळ्या देशातल्या टीव्हीवर जो गोंधळ २०१७ मध्ये झाला, त्याच्या पंधरा वर्षे आधी लातूरच्या एका बाईच्या पोटगीच्या अर्जाने या प्रश्नाच्या मुळाला हात घातला होता.

हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? नांदेडच्या इतवाऱ्यात किंवा लातूरच्या गंजगोलाईत उभे राहून शायरा बानोचे नाव विचारा, दहांतले सहा-सात सांगतील. रहीमबींचे नाव विचारा, कोणी सांगणार नाही. आमच्याच स्टाफरूममध्ये विचारले, तिथेही नाही.

कायदा कुठवर आला आहे

१९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंदूरच्या शाहबानोंची पोटगी कायम ठेवली. किती? महिना १७९ रुपये २० पैसे. त्यावरून देशभर मोर्चे निघाले आणि १९८६ चा मुस्लिम महिला (घटस्फोटावरील हक्क संरक्षण) कायदा आला. इद्दतपुरतीच जबाबदारी, नंतर काही नाही, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला. आजही मोहल्ल्यात तोच अर्थ चालतो. पण २८ सप्टेंबर २००१ च्या डॅनियल लतीफी निकालात घटनापीठाने हा कायदा कायम ठेवून त्याचा अर्थ नीट उलगडून दाखवला. नवऱ्याने इद्दतच्या मुदतीत द्यायचे आहे हे खरे, पण ती तरतूद फक्त इद्दतच्या तीन महिन्यांपुरती नाही. तिच्या पुढच्या आयुष्याचा विचार करून ‘रास्त आणि न्याय्य’ तरतूद त्या मुदतीत करायची आहे. सूरह बकराच्या २४१ व्या आयतीत तलाकशुदा स्त्रियांसाठी जी ‘मताअ’ सांगितली आहे, तिच्याशी हे जुळते.

आणि १० जुलै २०२४ रोजी ‘मोहम्मद अब्दुल समद विरुद्ध तेलंगणा राज्य’ या खटल्यात न्या. नागरत्ना आणि न्या. मसीह यांच्या खंडपीठाने शेवटची शंकाही मिटवली. तलाकशुदा मुस्लिम स्त्री फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागू शकते, १९८६ च्या कायद्याखालीही मागू शकते. कोणता रस्ता धरायचा, की दोन्ही, हे ती ठरवेल. १ जुलै २०२४ पासून कलम १२५ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले आहे. नंबर बदलला, हक्क तोच.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे. मुलांची पोटगी ही आईच्या पोटगीहून वेगळी बाब आहे. तलाक झाला काय, न झाला काय, बाप बापच राहतो. १९९७ मध्ये नूर सबा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. १९८६ च्या कायद्याने मुलांच्या हक्काला कुठलाही धक्का बसत नाही. फी, वह्या-पुस्तके, दवाखाना, कपडे ही बापाची जबाबदारी आहे, शरीयतप्रमाणेही आणि कायद्याप्रमाणेही.

नवे दुखणे: ना तलाक, ना संसार

२०१९ च्या कायद्याने तिहेरी तलाक देणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरला. या कायद्याबद्दल आपल्या समाजात नाराजी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. जो तलाक कायद्याने झालाच नाही, त्याच्याबद्दल तुरुंग कशासाठी? नवरा आत गेला तर घरात पैसा कुठून येणार? इतर समाजातला नवरा बायकोला टाकून गेला तर प्रकरण दिवाणी राहते, मुस्लिम नवरा एक शब्द बोलला तर फौजदारी होते, हा भेद का? हे प्रश्न विचारलेच पाहिजेत.

पण या नाराजीच्या आड एक वेगळीच गोष्ट वाढते आहे आणि तिच्याबद्दल आपण गप्प आहोत. आमच्या पाहण्यात जी प्रकरणे येतात त्यांत नवरा आता ‘तलाक’ हा शब्दच काढत नाही. बायकोला सणाला माहेरी सोडतो आणि न्यायला येत नाही. फोन उचलत नाही. पुण्या-मुंबईकडे, हैदराबादकडे कामाला निघून जातो. दोन-तीन वर्षे जातात. ना ती बायको, ना ती मोकळी. सूरह निसाच्या १२९ व्या आयतीत बायकोला अधांतरी लटकत ठेवू नका, असे बजावले आहे. जे करू नका म्हणून स्पष्ट सांगितले, तेच सर्रास चालले आहे आणि आपण त्याला ‘घरगुती मामला’ म्हणतो.

अशा बाईला तलाकची वाट पाहत बसायची गरज नाही. पत्नी म्हणूनच ती कलम १४४ खाली पोटगी मागू शकते. आणि मोकळे व्हायचे असेल तर १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आहे. नवऱ्याने दोन वर्षे खर्च दिला नाही, चार वर्षे त्याचा ठावठिकाणा नाही, सात वर्षांची शिक्षा झाली, तीन वर्षे विनाकारण संसाराची जबाबदारी टाळली, छळ केला, अशा कारणांवर ती स्वतः कोर्टातून फस्ख मिळवू शकते.

या कायद्याची गोष्ट शाळेत शिकवण्यासारखी आहे. हनफी फिकहप्रमाणे अशा स्त्रीला सुटकेचा मार्ग फार अवघड होता. सुटण्यासाठी काही बायका धर्मच सोडू लागल्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी फिकहचा अभ्यास करून, तिकडच्या आलिमांना विचारून, तोडगा शोधला. त्यातून हा कायदा उभा राहिला. म्हणजे बाईला न्याय द्यायचा तर आपल्या मसलकच्या बाहेर पाहायलाही आपले मोठे आलिम कचरले नाहीत.

मालिकी देशांत काय झाले

मालिकी फिकह प्रामुख्याने उत्तर आणि पश्चिम आफ्रिकेत चालते. तिथल्या मुस्लिम देशांनी पुढे काय केले, तेही बघण्यासारखे आहे. ट्युनिशियाने १९५६ मध्येच कायदा केला की कोर्टाबाहेर दिलेला तलाक ग्राह्य नाही आणि दुसरी बायको करता येणार नाही. मोरोक्कोने २००४ मध्ये ‘मुदव्वना’ हा कौटुंबिक कायदा बदलला. लग्नाचे वय मुलगा-मुलगी दोघांना १८ केले, तलाक न्यायालयाच्या देखरेखीखाली आणला, दुसऱ्या लग्नाला न्यायाधीशाची परवानगी सक्तीची केली. इजिप्तमध्ये हनफी परंपरेचा प्रभाव, पण तिथेही २००० च्या कायद्याने स्त्रीला नवऱ्याच्या संमतीशिवाय कोर्टातून खुला घेण्याचा मार्ग मोकळा झाला. आधार होता साबित बिन कैस (रजि.) यांच्या पत्नीचा. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे येऊन संसार नको म्हटले, मेहरची बाग परत केली आणि त्या मोकळ्या झाल्या.

तिथे सगळे छान चालले आहे, असे सांगायचे नाही. इजिप्तच्या खुलात स्त्रीला मेहर परत करावा लागतो आणि पैशांवरचे हक्क सोडावे लागतात. त्यामुळे गरीब बाईला सुटका महाग पडते. मोरोक्कोत १८ च्या नियमाला न्यायाधीश अपवाद करू शकत होते, त्या फटीतून अल्पवयीन मुलींची लग्ने वर्षानुवर्षे होत राहिली. आपल्या मराठवाड्यात वेगळे काय आहे? दहावीच्या वर्गातली मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर परत येत नाही, हजेरीत तिच्या नावापुढे रेघ पडते, आणि सगळ्यांना कारण माहीत असते. कायदा कितीही चांगला असो, तो पाळायची मोहल्ल्याची इच्छा नसेल तर फट सापडतेच. आफ्रिकेत काय आणि नांदेडात काय.

शरीयतचा अर्धाच भाग?

एक कडू गोष्ट बोलतो. तलाकचा विषय निघाला की आपल्याला शरीयत आठवते. वारशाचा विषय निघाला की ती विसरते. सूरह निसाच्या ११ व्या आयतीत मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे, मुलाच्या निम्मा. तो बापाच्या मर्जीवर सोडलेला नाही, भावाच्या मेहरबानीवरही नाही. प्रत्यक्षात बाप गेल्यावर चाळीसाव्याच्या आधी-नंतर बहिणींना बोलावले जाते आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. "हिस्सा लेगी तो मायका टूटेगा," असे सांगितले की बहीण सही करते. सातबाऱ्यावर नाव भावांचे. पुढे तीच बहीण नवऱ्याने टाकली म्हणून परत येते, तेव्हा भावाच्या घरात ती ओझे ठरते. जे घर तिच्याही हिश्श्याचे होते, तिथे ती आश्रित होते.

बाहेरून कोणी समान नागरी कायद्याचे नाव काढले की आपण म्हणतो, शरीयतमध्ये दखल नको. उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून तो कायदा लागूही झाला. त्याला घटनात्मक विरोध करणे हा आपला हक्क आहे. पण जी शरीयत वाचवायची आहे, ती आपल्या घरात पूर्ण पाळली जाते का, हा प्रश्न आपली मुलगी विचारेल तेव्हा तिला काय उत्तर देणार?

एका अक्षराची गोष्ट

निकाहनाम्यात मेहरपुढे एक शब्द असतो. ‘मुअज्जल’. उर्दूत हा शब्द दोन प्रकारे लिहितात. ऐनने लिहिला तर अर्थ तात्काळ द्यायचा मेहर. हमजाने लिहिला तर अर्थ उधार, पुढे कधीतरी द्यायचा. उच्चार जवळजवळ सारखा, अर्थ उलटा. देवनागरीत तर फरकच दिसत नाही. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला उर्दू निकाहनामा वाचता येत नाही. उर्दू शाळेत शिकलेल्या मुलीला वकिलाची मराठी नोटीस वाचता येत नाही. दोघींच्या हातात स्वतःच्या आयुष्याचा कागद असतो आणि दोघी दुसऱ्याला विचारतात, ह्यात काय लिहिले आहे?

आम्ही दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून हे जास्त टोचते.

आपल्या हातात काय आहे

निकाहनामा निकाहच्या आधी वाचा. मुलीला वाचून दाखवा. मेहर तात्काळ की उधार हे अर्थासकट मराठीतही लिहून घ्या. ऐपत लाखाची आणि मेहर ७८६ रुपये, हा सुन्नतचा आदर नाही. शर्ती घालायला शरीयतची मनाई नाही. अमुक परिस्थितीत तलाकचा अधिकार बायकोला सोपवणारी ‘तलाक-ए-तफवीज’ ची अट फिकहला जुनी मान्य आहे. निकाहनाम्याची एक प्रत मुलीच्या माहेरी ठेवा आणि लग्नाची महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंदणी करा. कोर्टात पहिल्यांदा हाच कागद लागतो.

नोटीस आली तर घाबरून गप्प बसू नका आणि कुठल्याही कोऱ्या कागदावर सही करू नका. पोटगीचा अर्ज बाई जिथे राहते तिथल्या कोर्टात करता येतो, नवऱ्याच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत. कौटुंबिक न्यायालय असेल तिथे ते, नसेल तिथे न्यायदंडाधिकारी. निकाल लागेपर्यंत अंतरिम पोटगी मागता येते. नोव्हेंबर २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते आणि दोघांनाही आपल्या मिळकतीचे शपथपत्र द्यावे लागते. पोटगी थकली तर एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करा, त्यापेक्षा जुनी रक्कम हातची जाते.

वकिलाला पैसे नाहीत, ही अडचण खरी आहे. पण विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. नांदेडच्या आणि लातूरच्या जिल्हा न्यायालयात या प्राधिकरणाचे कार्यालय आहे. ज्या तलाकशुदा स्त्रीला नातेवाईकांचाही आधार नाही, तिच्यासाठी राज्य वक्फ मंडळाला खर्च देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकते, अशी तरतूद १९८६ च्या कायद्यातच आहे. ती किती जणींना कोणी सांगितली?

आणि एक विनंती मशिदीच्या कमिट्यांना, काझी साहेबांना, दारुल कजाला. तुमचा शब्द आजही वकिलाच्या नोटीसीपेक्षा जास्त चालतो. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दारुल कजाच्या निर्णयाला किंवा फतव्याला कायद्याचे बंधन नाही. पण समेट घडवण्याचे तुमचे काम त्याने थांबलेले नाही. कुरआनने सांगितलेले दोन मध्यस्थ कुठून येणार? ते याच मोहल्ल्यातून यायचे आहेत. जुमाच्या बयानात वर्षातून दोन-चारदा तरी मेहर, नफका आणि बहिणीचा हिस्सा यांवर बोला. नवरा कागद घेऊन आला तर त्याला आधी विचारा, "मध्यस्थ कोण होते? कारण काय? मुलांचा खर्च किती ठरला?" हे तीन प्रश्न मशिदीच्या ओट्यावर विचारले गेले, तर निम्मी प्रकरणे कोर्टाची पायरी चढणार नाहीत.

त्या आईला आम्ही नोटीस वाचून दाखवली, अर्थ सांगितला, विधी सेवा प्राधिकरणात कुठे जायचे ते कागदावर दोन्ही भाषांत लिहून दिले. मुलीचे बोनाफाईडही दिले, कारण मुलांच्या पोटगीच्या अर्जाला शाळेचा दाखला उपयोगी पडतो. ती म्हणाली, "हमकू कोई बोलेच नहीं आपा, ये सब रहता बोलके."

तिला कोणी सांगितले नाही, यात आम्हीही आलोच. वीस वर्षे मुलींना नागरिकशास्त्र शिकवतो आहोत. लोकसभेचे सभासद किती ते पाठ करून घेतले, निकाहनामा कसा वाचायचा ते शिकवले नाही. या वर्षी दहावीच्या मुलींसमोर एक कोरा निकाहनामा ठेवून तो ओळ न ओळ वाचून घ्यायचा, असे आम्ही ठरवले आहे. मुलांनाही बसवणार आहोत. कारण त्या कागदावर सही दोघांची असते.